चित्रात काहीच नाही म्हणजे काय

कोणी कागद घेऊन समोर बसलं की विठाबाईच्या कपाळाला आठी पडायची. कागद म्हणजे तलाठी, कागद म्हणजे वकील, कागद म्हणजे "इथं अंगठा करा, आजी" म्हणणारा कुणीतरी उपटसुंभ. आणि विठाबाई अंगठा करणारी बाई नव्हती. दुसरी यत्ता शिकलेली होती, सही करायची. सहीला वेळ लागायचा, पण ज्याला घाई असेल त्यानं आपल्या घरी जावं, हे ती तोंडावर सांगायची.

त्यामुळे नात रिया कागद नाचवत ओटीवर आली तेव्हा विठाबाईनं मान वर केली नाही. पुढ्यात परात होती, परातीत मोड आलेले वाल, आणि नखानं साल काढून बिरडं वेगळं करायचं काम चाललं होतं. कर्जतपासून कडावपर्यंत तिच्यासारखं बिरडं कुणाला सोलता येत नाही, असं तिचं मत होतं आणि ते तिनं कुणाला विचारून बनवलेलं नव्हतं.

"आजी, शब्दकोडं आहे. कर्जतच्या वाचनालयाचं. चित्रकारांवर. जोडी लागते, आजी नाहीतर आजोबा आणि एक नातवंड."

"मंग जा, आजा शोध."

"आबा गेले त्याला सहा वर्षं झाली. तूच उरलीस."

"उरलीस म्हनं. मी काय कालचा भात हाय?" विठाबाईनं सालं बाजूला सारली. "वाच. कान मोकळं हायत माझं."

रियानं वाचलं. "बैलगाडीच्या चाकात पुष्कळ, पण फुलदाण्या रंगवणारा एकच. दोन अक्षरं. चाकात काय असतं गं पुष्कळ? हवा?"

"बैलगाडीच्या चाकात हवा! तुझ्या मास्तरनीला सांग, एकदा चाकाखाली झोप म्हनावं, मंग कळंल. आरं असत्यात चाकाला. मधल्या तुंब्यापासनं भायेरच्या गोल पाटीपर्यंत लाकडं जात्यात, त्ये. एकाला आरा म्हनत्यात."

रिया ताठ झाली. "आरा! आजी, के. एच. आरा! आहे असा चित्रकार, आमच्या ड्रॉइंगच्या पुस्तकात आहे!"

विठाबाईचं नख वालात तसंच राहिलं. "मानसाचं नाव हाय आरा?"

"आडनाव."

"आन् फुलदान्या रंगवायचा म्हंजे? दुकानात कामाला व्हता का?"

रिया हसत सुटली. मग तिनं समजावलं. प्रत्येक ओळीत दोन पाय असतात, एक पाय शब्दावर आणि एक चित्रकारावर. शब्द ओळखला तरी चित्रकार माहीत नसेल तर खात्री होत नाही, आणि चित्रकार माहीत असला तरी शब्दाशिवाय तो सापडत नाही. विठाबाईला हे मनापासून पटलं. लग्नं जमवताना ती अशीच चौकशी करायची. मुलाकडून एक, मुलाच्या शेजाऱ्याकडून एक.

तिनं कागद स्वतःकडे ओढला. चौकोन बारीक, डोळ्यांना दिसेनात. तिनं परातीतले सोललेले वाल उचलले आणि एकेका चौकोनात एकेक दाणा ठेवला. "दोन दानं. आ. रा. बसलं. आता पुढचं."

"भात शेतकऱ्याचं, गोण्या व्यापाऱ्याच्या, मधे हा उभा. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं मात्र स्वतःच्या हातची. तीन."

"दलाल," विठाबाई म्हणाली, आणि सवयीनं पुढं "मेला" जोडलं.

"मेला नको, तीनच अक्षरं आहेत. दलाल नावाचे खरंच मोठे चित्रकार होते, आजी."

"असूं दे. आपल्याला गावला त्यो चित्रकार नव्हता."

आत सुनेनं, रूपानं, कुकर लावला आणि बाहेर डोकावून पाहिलं. सासू कागदावर वाल मांडून बसलेली बघून ती तशीच आत गेली. बारा वर्षांच्या संसारात काय विचारायचं नाही हे ती शिकली होती.

मोने नावावर मात्र भांडण झालं. कोडं म्हणत होतं की आडनाव ऐकून पुण्याचा वाटेल, पण राहायचा फ्रान्सात, आणि तळ्यातली कमळं त्यानं पुन्हा पुन्हा रंगवली. रियानं मोने म्हणताच विठाबाईनं दाणा ठेवायला नकार दिला.

"मोने फ्रान्सात कशाला जातील?"

"गेले नाहीत. तो तिथलाच आहे. त्यांच्यात पण मोने असतात."

"आन् एकच तळं पुन्यांदा पुन्यांदा? पयलं बिघडलं आसंल."

"बिघडलं नाही गं. सकाळी वेगळं दिसतं, दुपारी वेगळं. उजेड बदलतो ना."

विठाबाईनं मान वर केली. समोर खळ्यापलीकडे सकाळी हिरवागार असलेला वालाचा वाफा आता उन्हं कलल्यावर चक्क निळसर दिसत होता. हे तिनं रोज बघितलेलं होतं. पण ते कुणी कागदावर उतरवून ठेवावं आणि लोकांनी त्याला नाव द्यावं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिनं दोन दाणे ठेवले, जरा जोरातच.

आणि मग ती ओळ आली.

"गोठ्यात शिरलं की हे आधी समोर येतं, याच्या चित्रात मात्र काहीच समोर येत नाही. चार."

"गोठ्यात शिरलं की शेन."

"चार अक्षरं, आजी."

"गोठ्यात शिरलं की..." विठाबाईनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात गोठ्यात शिरली. कडबा, वास, अंधार, आणि त्या अंधारातून दावं ताणून पुढं आलेलं, ओल्या नाकाचं... "गायीचं तोंड!"

"गायतोंडे!" रिया ओरडली. "वासुदेव गायतोंडे! आजी, तू भारी आहेस!"

"त्ये मला ठाऊक हाय. काहीच समोर येत नाय म्हंजे काय, त्ये सांग."

रियानं आईचा मोबाईल आणला. काचेवर तडा होता, तड्याखाली पिवळसर रंगाचा एक चौकोन. विठाबाईनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला, पदरानं पुसला.

"दिसतंय का?" रियानं विचारलं.

"पिवळं दिसतंय. बाई कुठं हाय? झाड? देव?"

"काही नाही त्यात. नुसता रंग. ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात."

"काय नाय तं लोकं काय बघत्यात?"

"ते मला पण माहीत नाही," रिया म्हणाली. "मोबाईलवर कळत नाही, असं आमच्या ड्रॉइंगच्या बाई म्हणतात. खरं चित्र समोर बघावं लागतं. पहिल्या नंबराच्या जोडीला मुंबईला नेणार आहेत ना, मोठ्या चित्रसंग्रहालयात. तिथं आहे याचं खरं."

"मला काय करायचंय," विठाबाई म्हणाली आणि परात पुढ्यात ओढली.

पण रात्री जेवताना तिनं भाताचा घास हातात धरून रियाला विचारलं की तो गायतोंडे आंधळा होता का. दुसऱ्या दिवशी नळावर तिनं चार बायकांना विचारलं की ज्याच्यात काही नाही असं चित्र कुणी पाहिलंय का, आणि कुणी हसलं तेव्हा तिचाच उद्धार केला. चुना लावलेली कोरी भिंत आणि ते पिवळं, यांत फरक काय? फरक नसेल तर लोक भिंतीकडे का बघत नाहीत? आणि फरक असेल तर तो काय आहे? ओल्या लाकडासारखं ते आत धुमसत राहिलं. विठाबाईला फसवून घेणं खपायचं नाही. त्या पिवळ्यात काहीतरी आहे आणि ते आपल्याला दाखवत नाहीत, असा तिचा संशय झाला होता. ते समोर जाऊन बघितल्याशिवाय आता तिला चैन नव्हती. हे अर्थात तिनं कुणाला सांगितलं नाही.

घरून भरलेलं कोडं बरोबर निघालं. शेवटच्या फेरीला वाचनालयाच्या हॉलमध्ये बोलावणं आलं, आणि पाठोपाठ खालापुराहून नणंदेचा फोन. बायजा तिथं दिलेली, नातू नवीनला घेऊन तीही निवडली गेली होती.

"वयनी, तू बी हायेस म्हनं कोड्यात? तुला अक्षरं तरी जुळत्यात का गं?"

"तुझी कुंडली जुळवली तवा मीच बसले व्हते शेजारी," विठाबाई म्हणाली. "तिथं जुळली, हितं बी जुळतील. पावडर लावून ये, फोटू काढनार हायत."

हॉलमध्ये भिंतीवर मोठं फ्लेक्स टांगलं होतं, त्यावर परातीएवढाले चौकोन. कोडं रचणारी हर्षला ही ड्रॉइंगची नवी बाई, अलिबागकडची, बोलायला गोड आणि नियमाला कडक. तिनं माईक हातात घेतला.

"घरच्या फेरीत काही ठिकाणी आजी-आजोबा फक्त सहीला होते, हे आम्हाला कळलंय. म्हणून आज उत्तर आजी-आजोबांनीच तोंडानं द्यायचं. नातवंडानं फक्त वाचायचं आणि लिहायचं. एका जोडीला आलं नाही तर पुढच्या जोडीला संधी."

जोड्या गळत गळत दोन उरल्या. कोणत्या, ते हॉलला आधीपासून माहीत असल्यासारखं होतं. भावजय या टेबलाला, नणंद त्या टेबलाला.

बायजाला आलं: "साहेबाकडे सुट्टी मागितली, साहेबानं कागदावर नुसता काळा बिंदू काढून दिला. दोन." बायजाचा मुलगा रसायनीच्या कारखान्यात, घरात रोजचं तेच रडगाणं. "रजा!" ती म्हणाली, आणि नवीननं फ्लेक्सवर बिंदू रंगवणाऱ्या चित्रकाराचं नाव लिहिलं, 'रझा'. टाळ्या झाल्या.

विठाबाईला आलं: "चुलीचा धूर बाहेर न जाता अंदर आला आणि रावबहादूर झाला. चार." तिनं धूर, अंदर, धूर, अंदर असं दोनदा तोंडात घोळवलं, "धुरंदर!" म्हणाली, आणि रियानं 'धुरंधर' लिहिलं. इकडं पण टाळ्या. बायजानं टाळी वाजवली नाही.

एकच ओळ राहिली. चिठ्ठी टाकली, पाळी विठाबाईची निघाली. रियानं वाचायला घेतलं आणि वाचता वाचताच तिचा चेहरा उजळत गेला.

"रंगानं गोरा नव्हे आणि अगदी काळाही नव्हे, त्याच्यापुढे वनवासाला गेलेला देव जोडा. हातात दिवा घेतलेली मुलगी जलरंगात उजळवणाऱ्या हळदणकर चित्रकारांचं पहिलं नाव. पाच." तिनं मार्करचं टोपण काढलं आणि आजीकडे बघितलं. इतकं सोपं! घरातलंच!

विठाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

तिला उत्तर ओळ संपायच्या आधी कळलं होतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ते नाव तिच्या घरात होतं, दाराच्या पाटीवर होतं, सातबाऱ्यावर होतं, आणि तिच्या तोंडात एकदाही आलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढंच आईनं सांगून पाठवलं होतं. "हे" म्हणावं, मुलगा झाल्यावर "संतोषचा बाप" म्हणावं. सरकारी माणसानं विचारलं तर शेजारच्या बाईनं सांगावं. कुणी रंगानं तसा असला तर विठाबाई त्याला "जांभळट" म्हणायची आणि देवाला "अयोध्येवाला". तो देव तिच्यावर रागावला नसेल, त्याला गावोगावच्या अशा बायका माहीत असणार.

"आजी, बोल ना," रिया कुजबुजली.

"तुझ्या आज्याचं नाव हाय त्ये."

"माहितेय! म्हणून तर बोल!"

"मी कशी बोलू?"

"अगं, आबा आता नाहीत."

"मानूस गेला म्हनून नाव मोकळं झालं का?"

हर्षला पुढं वाकली. "आजी, येतंय का?"

"येतंय. लिवायला सांगा हिला. संतोषच्या बापाचं नाव."

"शब्द तुम्हाला बोलावा लागेल, आजी. नियम सगळ्यांना सारखा आहे." बिचारीला काही कल्पना नव्हती, तिच्या दृष्टीनं ते एका चित्रकाराचं नाव होतं.

पण हॉलमधल्या म्हाताऱ्यांना कळलं. तो पदर पुढं आला की त्याच्यामागं काय असतं ते त्यांना शिकवावं लागत नव्हतं. एकीनं दुसरीला कोपर मारलं, दुसरी तोंडाला हात लावून हसली. ज्यांना कोड्यातला 'क'ही माहीत नव्हता त्यांनी उत्तर ओळखलं, आणि ते विठाबाईच्या गप्प बसण्यावरून.

मागून कुणी आजोबा उत्साहात ओरडले, "उखाना घ्या, उखाना!" आणि लगेच त्यांच्या बायकोनं त्यांना चिमटा काढला. विठाबाईचं कपाळ रिकामं होतं. सवाष्णींच्या हळदीकुंकवात उखाणे व्हायचे तेव्हा विठाबाई आत भांड्यांपाशी असायची. नवरा होता तेव्हाही उखाण्यात नावाशी आलं की ती "हे" म्हणून पळायची, आणि गेली सहा वर्षं तर तिला कुणी घे म्हटलं नव्हतं, आणि घेऊ नको असंही म्हणायची वेळ कुणावर आली नव्हती.

पलीकडच्या टेबलावर बायजा सावकाश उभी राहिली. तिच्या तोंडात ते नाव बसलेलं. भाऊच तिचा, लहानपणापासून हजारदा हाक मारलेली.

"वयनी," ती म्हणाली, "तू बोलतेस, का मी बोलू? माझा तं दादा हाय. मला काय बंदी नाय."

विठाबाईनं तिच्याकडं बघितलं. बायजाच्या मागं फ्लेक्स होतं, फ्लेक्सवर पाच चौकोन मोकळे, आणि त्या चौकोनांच्या पलीकडं कुठंतरी मुंबईत ते पिवळं टांगलेलं होतं. बायजा जाणार आणि बघून येणार. आणि येऊन सांगणार! बायजाला समोरची म्हैस नीट बघता येत नाही, ती त्यात काय आहे ते सांगणार, आणि आपण ऐकून घ्यायचं.

हर्षलानं घंटीवर हात ठेवला.

"थांब गं बये," विठाबाई म्हणाली. तिनं पदर मागं केला, नीट खांद्यावर घेतला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली:

"उभी चौकट, आडवी चौकट, बाईंनी काढला घाम,
नंदेनं बोलायच्या आत नाव घेते, सावळाराम!"

मग मागच्या म्हाताऱ्यांतून एक आरोळी उठली, अशी की बाहेर रस्त्यावरचा टेंपोवाला थांबून बघायला लागला. रिया फ्लेक्सवर लिहीत होती आणि तिचा 'ळा' चौकोनाबाहेर जात होता. हर्षला माईक तोंडाशी धरून उभी, काय झालं ते शेजारच्या बाईला विचारत.

विठाबाई खाली बसली. तोंडात काहीतरी वेगळंच होतं. तिनं ओठ मिटून ते नाव आणखी एकदा, आवाज न करता, म्हणून बघितलं. जीभ वर जाते, खाली येते, शेवटी ओठ बंद होतात. इतकंच होतं. इतकंच असेल असं तिला वाटलं नव्हतं.

बायजा टेबल ओलांडून आली. डोळे भरलेले, आणि तोंड नेहमीसारखं. "दादा होता तवर बोलली नायस. गेला तवा बोलली नायस. आन् आता बोललीस ती माझ्यावर मात करायला?"

"मंग आनिक कशापायी बोलायचं?" विठाबाई म्हणाली.

"दादा असता तं हसून हसून पडला असता."

"पडला असता, आन् मला उचलाया लावलं असतं."

पुढच्या रविवारी वाचनालयाची गाडी आजी-नातीला घेऊन, बायजाच्या खालापुरावरूनच मुंबईला गेली. हर्षला बरोबर होती. चित्रसंग्रहालयात थंडगार होतं आणि लोक देवळात बोलतात तसे हळू बोलत होते, चपला मात्र घातलेल्या. राजे, राण्या, घोडे, नदी, सगळ्यांपुढून विठाबाई झपझप गेली. घोड्यांना पाहून "बरं हाय" एवढं म्हणाली.

"आजी, हे," रिया म्हणाली.

ते मोबाईलवर होतं तेवढं नव्हतं. विठाबाईपेक्षा उंच होतं. पिवळं म्हणायला पिवळं. पण खाली पिकत आलेल्या भाताचं, मधे हळद उकळलेल्या पाण्याचं, आणि वर कुठंतरी असं की ज्याला तिच्याकडं नाव नव्हतं. ती जवळ गेली. जवळून रंगावर रंग, खरवडलेला, पुन्हा भरलेला, सारवलेल्या जमिनीवर हात फिरल्याच्या खुणा असतात तसा. ती मागं आली. मागून खुणा गेल्या आणि रंग आत आत जायला लागला, विहिरीत बघावं तसा. बाई नव्हती. झाड नव्हतं. देव नव्हता. हर्षलानं काही सांगायला तोंड उघडलं तेव्हा विठाबाईनं हातानं थांबवलं.

"तुमी नका सांगू. मला बगू द्या."

बराच वेळ गेला. हर्षला रियाला घेऊन पुढच्या दालनात गेली. चित्राशेजारी निळ्या गणवेशातला पहारेकरी पाय बदलत उभा होता.

"कुठला रं तू?" विठाबाईनं विचारलं.

"साताऱ्याकडचा, आजी."

"रोज हितंच असतोस?"

"तीन वर्षं झाली."

"मंग तुला ठाऊक असंल. काय दिसतं ह्याच्यात?"

पहारेकरी ओशाळला. "आमची पाठ असते चित्राकडं. माणसांवर लक्ष ठेवायचं असतं."

"तीन वर्सं पाठ करून उभा हायेस?" विठाबाईचा आवाज दालनभर गेला. "मानसं मी बघते. चोरून न्यायला कोन येतंय हितं? वळ."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग टोपी काढली आणि वळला.

विठाबाई भिंतीकडं पाठ करून, हात कमरेवर ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर डोळा ठेवत उभी राहिली. पण तिच्यानं राहवेना. मान न वळवता तिनं विचारलं, "काय रं? दिसतंय का काय?"

"थांबा, आजी," तो म्हणाला.